सर्वपक्षीय मूक फेरी

मला पक्ष्यांतलं काही म्हणजे काही कळत नाही. कावळा, चिमणी, कबूतर आणि पोपट एवढ्यांना मी नावाने ओळखतो. बाकी सगळ्यांची सोय 'ते बघ पाखरू' यात होते. असा माणूस पक्षीमित्र मंडळाच्या वसंत फेरीचा प्रमुख आयोजक कसा झाला, हे मला लोक नेहमी विचारतात. म्हणजे विचारतील, असं मला वाटतं. सध्या विचारायला घरात कोणी नाही.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, गेल्या वर्षी तिच्या मुलाकडे राहायला गेली. आम्ही दोघं भावंडं एका घरात इतकी वर्षं राहिलो, की आमची भांडणंसुद्धा अर्ध्या वाक्यात उरकायची. अर्धं वाक्य ती बोलायची, अर्धं मी. ती गेली आणि माझी अर्धी वाक्यं माझ्याकडेच पडून राहिली. मध्यंतरी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणाऱ्या एका बाईंचा फोन आला. मी त्यांना यंत्राची इतकी चौकशी केली, मग यंत्रावरून पाण्यावर, पाण्यावरून माझ्या लहानपणच्या विहिरीवर आलो, की शेवटी त्यांनीच "दुसरा फोन येतोय हं काका" म्हणून सुटका करून घेतली. विकणाऱ्याने स्वतःहून फोन ठेवावा, इथवर माझी मजल गेली होती.

तर एके संध्याकाळी वाचनालयातून निघताना मागच्या खोलीत दिवा दिसला. आत काही माणसं खुर्च्या गोल मांडून बसली होती आणि हसत होती. दारावर कागद चिकटवलेला: 'पक्षी निरिक्षण, वसंत फेरी, नियोजन सभा.' आता मी जन्मभर सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक. लोकांच्या चुका पकडणं एवढंच काम केलं, आणि त्यामुळे फारसे मित्र झाले नाहीत. 'निरीक्षण'मधली 'री' ऱ्हस्व पाहिल्यावर माझा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. मी ती दीर्घ करत असतानाच दार उघडलं.

दारात मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणतात, कारण ते निवृत्त दंतवैद्य आहेत. मी सारवासारव करायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी आधी माझी खालची दाढ पाहून घेतली आणि मग मला पाहिलं.

"चूक सुधारताय? अहो, मग बाहेर काय करताय? आत या!"

आत गेलो. चिटणीसबाईंनी, म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका ठसठशीत बाईंनी, भिंतीला टेकवलेली एक घडीची खुर्ची उघडून गोलात सारली. "ही तुमची," म्हणाल्या.

माझी खुर्ची! 'ही तुमची' हे दोन शब्द मी किती दिवसांनी ऐकले असतील, सांगता येत नाही. त्या क्षणी त्यांनी मला गरुडाच्या घरट्यात चढायला सांगितलं असतं, तरी मी चप्पल काढली असती.

"आमच्याकडे पक्षी ओळखणारे आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण कागद ओळखणारा एक माणूस नाही. तळ्याच्या काठाने फिरायला यंदापासून परवानगी लागते. अर्ज, विनंत्या, खेटे. तुम्ही हे करून द्या."

"आणि यंदाची फेरी झाली नाही," बाई म्हणाल्या, "तर वाचनालयवाले ही खोली कॅरमवाल्यांना देणार आहेत. मग मंडळ संपलंच म्हणायचं."

मी म्हणालो, "असं कसं संपेल?" मंडळात येऊन मला पाव तासही झाला नव्हता.

ताईला फोनवर सांगितलं, तर तिचा आवाजच बदलला. "अगंबाई! म्हणजे माणसांत जाऊ लागलास तू? किती जण येणार फेरीला?"

"बरेच," मी म्हणालो.

"बरं झालं रे. मला इथे घास गोड लागत नव्हता."

हे ऐकल्यावर माघार घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. ते न्यायालयात फारसं बोलत नाहीत असं म्हणतात. ती कसर जिन्यात भरून काढतात. त्यांना बातमी कळताच ते सल्ला घेऊन खाली उतरले.

"पहिली गोष्ट, डोकं झाका. तुमचं टक्कल उन्हात चमकतं. पक्ष्यांना वाटतं आरसा आहे, बिथरतात. दुसरी गोष्ट, कपडे मातकट हवेत."

माझ्याकडे मातकट असा एकच कपडा निघाला, तो म्हणजे जुना रेनकोट. वसंत ऋतूत, कोरड्या ठणठणीत हवेत रेनकोट कसा घालायचा, असं मी म्हणालो.

"पक्ष्यांना ऋतूचं काय कळतं?" वकील म्हणाले. ऋतू पाहून हजारो मैल उडणाऱ्या प्राण्यांबद्दल हे विधान फार धाडसाचं होतं. पण वकिलाशी वाद घालू नये. त्यांनी मला त्यांची एक रुंद कडांची टोपीही दिली आणि एक दुर्बीण दिली. दुर्बिणीच्या डाव्या नळीतून काहीच दिसत नसे. "उजवीतून बघा," ते म्हणाले, "पक्षीसुद्धा तुमच्याकडे एकाच डोळ्याने बघतो. बरोबरीचा मामला."

आता परवानगीचं ऐका. पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत एका खिडकीमागे एक कारकून बसले होते. मी अर्जाचा विषय सांगितला.

"फेरी?" ते म्हणाले. "फेरीत घोषणा असणार का?"

"छे, छे. उलट अजिबात बोलायचं नसतं."

"मूक मोर्चा," त्यांनी मान डोलावली. "निषेध कशाचा?"

"निषेध नाही हो. नुसतं बघायचं."

"काय बघायचं?"

"पक्षी."

कारकुनांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. बघायला परवानगी मागणारा माणूस त्यांच्या खिडकीशी पहिल्यांदाच आला असावा. "फेरी म्हटलं की पोलिसांची ना-हरकत लागते," ते म्हणाले. "ती आणा, मग आमची देतो. आणि अर्ज टाइप करून हवा. हाताने लिहिलेलं साहेब वाचत नाहीत."

टाइप करून दिलेलं तरी ते वाचतात का, हे मी विचारलं नाही.

कचेरीसमोरच्या दुकानात अर्ज टाइप करून घेतला. चष्मा घरी राहिला होता. वाचून बघायला दुकानदाराने कागद पुढे केला, तेव्हा मी नुसता लांबून पाहिला आणि सही ठोकली. ज्याने आयुष्यभर मंत्र्यांच्या भाषणांतले अनुस्वार वेचले, त्याचा स्वतःचा चार ओळींचा अर्ज चुकेल कशाला? असा एक तोरा मनात असतो. तो मी तिथे मिरवला.

पोलीस ठाण्यातले साहेब तरुण होते आणि थकलेले होते. अर्ज वाचून त्यांनी मला खुर्ची दिली. पोलीस ठाण्यात खुर्ची मिळणं हे नेहमीच चांगलं लक्षण नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"निरीक्षण," ते म्हणाले. "कोणाचं?"

"पक्ष्यांचं."

"ते दिसलं. कुठल्या?"

"सगळ्याच. जे दिसतील ते."

"सगळ्याच?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा स्वतःचा ओढा कोणाकडे?"

"तसा कोणाकडेच नाही. मी नवीन आहे. पण काही इथले कायमचे असतात आणि काही बाहेरून येतात. थंडीपुरते राहतात, खातात-पितात आणि हवा बदलली की निघून जातात."

"पक्षांतर," साहेब म्हणाले.

"स्थलांतर म्हणतात."

"तुम्ही सभ्य माणूस दिसता," साहेब म्हणाले.

मला हुरूप आला. चिटणीसबाईंकडून ऐकलेलं सगळं ज्ञान मी पाजळलं. "आणि काही तर असे लबाड, की दुसऱ्याच्या घरट्यात जाऊन आपली अंडी घालतात!"

"आजोबा," साहेब दार ढकलून घेत हळू आवाजात म्हणाले, "आम्हाला काय हे माहीत नाही? पण असं उघड बोलू नका. परवानगी देतो. बंदोबस्तही देतो."

बंदोबस्त कशाला, हे मला कळेना. पण फुकट मिळतोय तर घ्यावा, म्हणून आभार मानून आलो. ठाण्याची ना-हरकत पाणीपुरवठ्याच्या खिडकीत दिली आणि फेरीच्या आदल्या दिवशी परवानगीचा कागद हाती आला, तो मी चष्मा लावून वाचला. विषय होता: 'सर्वपक्षीय निरीक्षण मूक फेरी.' सोबत माझ्या अर्जाची प्रत होती. 'पक्षी निरीक्षण'मधली 'ी' दुकानातच गळाली होती. उरलं होतं 'पक्ष निरीक्षण'.

एक वेलांटी! मी पलंगावर बसलो. आयुष्यात लोकांच्या किती वेलांट्या मी सांभाळल्या असतील, आणि माझी एक कोणी सांभाळली नाही. ठाण्यात जाऊन दुरुस्ती मागावी, तर परवानगीच रद्द व्हायची. मी गप्प बसलो. फक्त प्रामाणिकपणे डॉक्टरांना फोन करून सांगितलं, की फेरीला पोलीस असतील.

ही दुसरी चूक.

डॉक्टर म्हणाले, "पोलीस? असं... त्याचं काय आहे, माझ्या नातवाचा पासपोर्ट व्हायचाय. अशा वेळी आजोबांचं नाव कुठे यायला नको. तुम्ही व्हा पुढे. माझ्या शुभेच्छा आहेत." चिटणीसबाईंकडे नणंद अचानक आली. एका सभासदांना कणकण वाटू लागली. दुसऱ्यांनी फोनच उचलला नाही, पण त्यांच्या मुलीने उचलून "बाबा म्हणतात ते घरी नाहीत" असं सांगितलं. बातमी माझ्या आधी पळत होती. शेवटी मी जिना चढून वकिलांकडे गेलो. एक तरी माणूस हवा होता.

"मित्र म्हणून आलो असतो," वकील म्हणाले, "पण वकील म्हणून मी मला तसा सल्ला देऊ शकत नाही."

सकाळी उजाडता उजाडता मी रेनकोट, टोपी आणि दुर्बीण अशा थाटात तळ्याच्या फाटकाशी हजर झालो. कोणी येणार नाही हे माहीत होतं. तरीही रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिलो. माणसाची मान अशी असते. तिला कितीही समजावून सांगा, ती वळतेच.

आला तो एक हवालदार. पोट सुटलेला, डोळे झोपाळलेले, काखेत काठी.

"फेरी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"मीच."

त्याने माझ्यामागे पाहिलं, फाटकामागे पाहिलं. "बाकीचे पक्ष?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. वेलांटीसकट. मला वाटलं, आता हा हसेल. हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "म्हणजे कोणीच आलं नाही तुमच्याकडचं?"

"नाही."

"मग रद्द करताय? तसं लेखी द्यावं लागेल. मलाही, तुम्हालाही."

लेखी? पुन्हा कागद, पुन्हा सही! आणि ताईला काय सांगू? "रद्द कशाला?" मी म्हणालो. "चला."

फेरी निघाली. पुढे मी आणि मागे, नियमाप्रमाणे अंतर ठेवून, हवालदार. तळ्याकाठी सकाळी फिरायला येणारी माणसं थबकून बघू लागली. सकाळच्या उन्हात रेनकोट घातलेला, टोपीत तोंड लपवलेला म्हातारा आणि त्याच्या पाठीवर नजर ठेवून चालणारा पोलीस. यातून माणसं दुसरा काय अर्थ काढणार? आमच्याच इमारतीतल्या दोघी बायका समोरून आल्या, माझ्याकडे पाहून त्यांनी बोलणं थांबवलं आणि वाट सोडून गवतात उभ्या राहिल्या. मी टोपी उचलून नमस्कार केला. एकीने दुसरीचा हात घट्ट धरला.

मी वळून म्हणालो, "हवालदारसाहेब, तुम्ही मला पकडून नेताय असं दिसतंय."

"मग मी पुढे चालू?"

"मग मी तुमचा पाठलाग करतोय असं दिसेल."

तो विचारात पडला. "शेजारी चालता येईल," म्हणाला. "पण मग आपण दोस्त वाटू."

"चालेल," मी म्हणालो. इतक्या घाईने म्हणालो, की मलाच लाज वाटली.

आम्ही शेजारी-शेजारी चालू लागलो. चिटणीसबाईंनी मला पक्ष्यांचं एक चित्रांचं पुस्तक देऊन ठेवलं होतं. त्यातली चित्रं आणि झाडावरचे पक्षी यांचा काही केल्या मेळ बसेना. चित्रातले पक्षी शांत बसतात, हाच मोठा फरक. दुर्बीण मी उजव्या डोळ्याला लावेपर्यंत पक्षी डावीकडे गेलेला असे. हवालदाराची मदत शून्य. "तो बघा, तो!" असं ओरडून तो काठी रोखायचा, आणि काठी रोखल्यावर कोण बसून राहील? पहिला टप्पा संपला तेव्हा आमच्या खात्यावर एक बगळा जमा होता, आणि तोही हवालदाराच्या मते पिशवी होती.

मग तारेवर एक काळा कुळकुळीत पक्षी दिसला. शेपटी माशासारखी दुभंगलेली. तो उडाला नाही. आमच्याकडे बघत बसला. मी पानं उलटली आणि एकदाचा सापडला.

"कोतवाल," मी वाचलं.

"कोण?"

"पक्ष्याचं नाव आहे. कोतवाल."

"खोटं!" हवालदाराने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "'हा पक्षी आकाराने लहान असूनही घार-कावळ्यांना पिटाळून लावतो. त्यामुळे इतर लहान पक्षी याच्या झाडावर निर्धास्त घरटी बांधतात.'" त्याने मान वर केली. झोप पार उडाली होती. "म्हणजे बंदोबस्तच की!"

"बंदोबस्तच."

"मग ते बाकीचे पक्षी याच्याशी बोलतात का?"

मी पुस्तकात पाहिलं. "तसं काही लिहिलेलं नाही."

"नसतीलच बोलत," तो म्हणाला. आम्ही थोडं पुढे गेलो. "काका, मी दिवसभर गर्दीत उभा असतो. सभा, मिरवणुका, सामने. हजारो माणसं समोरून जातात. रस्ता विचारतात, नाहीतर मला बघून वाट बदलतात. घरचे सगळे गावी. मुलांच्या शाळेमुळे त्यांना हलवता येत नाही. मी इथे क्वार्टरमध्ये एकटा. रात्री कुकर लावला की त्याची शिट्टी ऐकून बरं वाटतं, घरात कोणीतरी आहे म्हणून."

तो मला काका म्हणाला, हे खरं तर मला झोंबायला हवं होतं. तोही काही पोरगा नव्हता. पण मी दुसऱ्याच विचारात होतो. माझ्याकडे कुकर आहे, पण एकट्यासाठी लावायचा कंटाळा येतो म्हणून मी पातेल्यातच भात करतो. मला त्या शिट्टीची कल्पना कधी सुचली नव्हती. हे त्याला सांगावं म्हणून मी वळलो, आणि काठावरच्या शेवाळावर माझा पाय गेला.

पुढचं फार झटकन झालं. मी रेनकोटसकट घसरत थेट चिखलात जाऊन बसलो. वकिलांची टोपी पाण्यात पडून ऐटीत निघाली. आणि हवालदाराने, इतक्या वर्षांची सवय, मला हात देण्याआधी शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली.

सगळं तळं उठलं. लव्हाळ्यातून, बेटावरून, झाडांतून, कुठे लपून बसले होते देव जाणे, शेकडो पक्षी एकदम हवेत गेले. आकाश काळं-पांढरं झालं. पंखांचा असा आवाज झाला, की दूरवर फिरणारी माणसंसुद्धा जागच्या जागी उभी राहिली. मी चिखलात, तो काठावर, दोघंही तोंड उघडं टाकून वर बघत होतो. एकाचंही नाव आम्हाला सांगता आलं नसतं. पण दुर्बिणीची गरज नव्हती. सगळे एक गोल फिरले, पुन्हा एकदा फिरले, आणि मग एकेक करून परत पाण्यावर उतरू लागले.

"जमाव पांगला," हवालदार अखेर म्हणाला आणि मला हात दिला.

फाटकाशी परत आल्यावर त्याने ठाण्यात फोन लावला. मी बाजूला उभा राहून बाहीतून पाणी पिळत होतो. "हो साहेब. फेरी शांततेत पार पडली... नाही, घोषणा नाहीत. अनुचित प्रकार नाही... एकजण पडला, पण आपला आपण... जमाव?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "दोन साहेब... नाही साहेब, मला धरूनच दोन."

मंडळाचं पुढे काय झालं तेही सांगतो. फेरी झाली, म्हणजे खोली वाचली. डॉक्टरांनी सभेत माझं अभिनंदन केलं आणि मग सगळे तासभर बोलले, ते कोणत्या वर्षी कोणी कोणता पक्षी पाहिला याबद्दल. माझी खुर्ची होती. कोणी मला काही विचारलं नाही. सभा संपल्यावर मी ती घडी करून भिंतीला टेकवली.

पण फेरीच्या दिवशी फाटकाशी हवालदाराने मोटारसायकल सुरू केली होती आणि परत बंद केली होती.

"पुढची फेरी कधी?"

"पुढच्या वर्षी. वसंतात."

"पण पक्षी तर रोजच असतात ना?"

"असतात."

"मंगळवारी माझी सुट्टी असते," तो म्हणाला. "गणवेशात नसेन, एवढंच."

मंगळवारी मी गेलो. उजाडलं, ऊन वर आलं, फिरणारी माणसं आली आणि गेली. मी फाटकाच्या खांबाला टेकून येणाऱ्या प्रत्येक पोट सुटलेल्या माणसाकडे बघत होतो. एक-दोघं वरमले. पलीकडच्या खांबाशी निळा शर्ट घातलेला, केस चोपून बसवलेला एक गृहस्थ असाच कोणाची तरी वाट बघत होता. सारखा घड्याळ पाही. बिचाऱ्याचंही कोणी आलेलं दिसत नव्हतं. मला त्याची दया आली. मग माझीही आली. म्हटलं, पोलीस माणूस, अचानक ड्यूटी लागली असेल. आणि बोलायचं म्हणून बोलतात माणसं, ते काय धरून बसायचं. मी निघायला वळलो.

तेवढ्यात तो निळा शर्टवाला पुढे आला. जवळून माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहिला. त्याने मला शेवटचं पाहिलं होतं ते रेनकोटात, चिखलाने माखलेलं.

"काका," तो चाचरत म्हणाला, "तुम्ही फेरी का हो?"